उजव्या डोळ्यातलं टिंब

माझ्या मुलीच्या उजव्या पापणीवर एक लाल गाठ होती, आणि त्या गाठीबद्दल मत नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

जन्मली तेव्हा काहीच नव्हतं. पंधराएक दिवसांत पापणीवर फिकट लाल ओरखडा दिसला. आम्हाला वाटलं, तिचंच नख लागलं असेल. मी तिची नखं कापली, हातमोजे घातले आणि स्वतःला फार शहाणी समजले. मग ओरखड्याचा ठिपका झाला, ठिपक्याचा फुगवटा झाला, आणि दुसरा महिना संपेपर्यंत पापणीवर कुणीतरी पिकलेली छोटीशी स्ट्रॉबेरी चिकटवून ठेवावी तसं दिसायला लागलं. मुलीचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे. घरात तिला ठमी म्हणतात.

आणि मग उगवले उंटावरचे शहाणे. एक बाई म्हणाली, पोटुशी असताना लाल काहीतरी खाल्लं असशील. खाल्लं होतं. टोमॅटो. जगातल्या सगळ्या बायका खातात. दुसरीने विचारलं, चटका बिटका लागला का? म्हणजे मी तान्ह्या पोरीच्या पापणीला चटका दिला! उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेजारचे काका रोज जिन्यात गाठून सांगायचे, “काही करू नका, आपोआप जातं. माझ्या भाच्याच्या पाठीवर होतं, शाळेत जाईपर्यंत गायब.” सगळ्यात जास्त राग मला या काकांचा यायचा, कारण ते अर्धे बरोबर होते.

उरलेलं अर्धं सांगितलं मोठ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी. लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टर. बाई बुटक्या, आवाज खणखणीत, गोड बोलायला वेळ नाही. मला पाहताक्षणी आवडल्या.

“याला हिमॅन्जिओमा म्हणतात,” त्या म्हणाल्या. “बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. पहिले काही महिने भराभर वाढतो, मग थांबतो, मग वर्षानुवर्षं हळूहळू ओसरतो. पाठीवर असता तर मीही म्हटलं असतं, बसा बघत. पण हा पापणीवर आहे. पापणी जड होऊन डोळ्यावर उतरतेय. या वयात बाळाचा मेंदू बघायला शिकत असतो. एका डोळ्याकडून नीट चित्र येईना, की तो त्या डोळ्याचा नाद सोडतो. मग पुढे गाठ गेली काय आणि राहिली काय. डोळा दिसायला छान आणि कामाला शून्य.”

“मग आता?”

“औषध. बीटा ब्लॉकर. प्रोप्रॅनोलॉल.”

माझ्याबरोबर सासूबाई आल्या होत्या. त्या खुर्चीतून ताडकन उठल्या. “अहो, ही तर माझी गोळी!”

खरोखरच त्यांची गोळी. ब्लडप्रेशरसाठी त्या कितीतरी वर्षं तीच घेतात. डॉक्टरांनी समजावलं, की हृदयाच्या आजारासाठी हे औषध दिलेल्या एका बाळाची अशीच गाठ फिकी पडायला लागली, तेव्हा हा उपयोग लोकांच्या लक्षात आला. आता अशा गाठींवर पहिलं औषध हेच. बाळांसाठी ते पातळ मिळतं. वजनावर मोजून देतात. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते ठीक आहे. पण हिचं हृदय काय म्हातारं झालंय का?”

पालथ्या घड्यावर पाणी.

पहिला डोस हॉस्पिटलातच दिला. हृदयाचा आलेख काढला, नाडी मोजत राहिले, टाचेला टोचून साखर बघितली. साखर जराशी उतरली. ठमी मुळात जन्मली तीच चिमणीएवढी, त्यामुळे डॉक्टर सावध झाल्या. म्हणाल्या, “कमी डोसवर ठेवते. दर पंधरवड्याला वजन कळवा आणि चांगल्या उजेडातला स्पष्ट फोटो पाठवा. गाठ मऊ, फिकी होत असेल तर हाच डोस. होत नसेल तर वाढवू. एवढ्या लांबून सारखं यायला नको.” मग बोट उगारून आणखी बजावलं, “दूध पाजल्याशिवाय द्यायचं नाही. दूध घेत नसेल, उलटी झाली, छातीत घरघर लागली, तर त्या वेळचा डोस सरळ सोडायचा. नंतर दुप्पट करून भरपाई करायची नाही. आणि मला फोन.”

फोटो म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा खुलला. “फोटोची काळजीच नको,” त्या म्हणाल्या. “आमचा स्टुडिओ आहे.”

तो आहे. खाली स्टुडिओ, वर घर. मी लग्नानंतर तिथेच काउंटरला बसते. पासपोर्टचे फोटो कापते, लॅमिनेशन करते, लोकांना ‘हनुवटी थोडी खाली’ सांगते. नवरा बाहेरची कामं करतो, कॅमेरे गळ्यात अडकवून दिवसभर फिरतो. पण स्टुडिओ खरा सासऱ्यांचा. फिल्मच्या काळात ते निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रीटचिंग करायचे, आता कॉम्प्युटरवर करतात, आणि माउस पेन्सिलीसारखाच धरतात. मुरमं, देवीचे व्रण, चष्म्यावरची चमक, डोळ्यांखालची वर्तुळं, काही म्हणून शिल्लक ठेवत नाहीत. “माझ्या दुकानातून डाग असलेला चेहरा बाहेर पडलेला नाही,” हे त्यांचं पेटंट वाक्य. मिटलेला डोळासुद्धा ते उघडतात. घोळक्याच्या फोटोत कुणीतरी नेमकी पापणी मिटतोच. मग त्याचाच दुसरा डोळा उचलायचा, उलटा करायचा आणि मिटलेल्यावर बसवायचा. ही कला त्यांनी मलाही शिकवली. आणि शिकवताना एक गोष्ट घोटून घेतली: डोळ्यातलं टिंब. आमच्या छत्री लावलेल्या दिव्याचं पांढरं टिंब प्रत्येक बुबुळात पडतं. दिवा एका बाजूला, म्हणून दोन्ही डोळ्यांत टिंब त्याच बाजूला. डोळा उलटा करून बसवला की टिंबही उलटं होतं. “ते जागेवर फिरवून घ्यायचं, सूनबाई,” ते म्हणायचे. “विसरलीस की चोरी पकडली गेलीच.”

घरी औषध देणं म्हणजे एक युद्ध होतं. सिरिंजमध्ये रेघेबरोबर औषध ओढायचं, बुडबुडा काढायचा, गालाच्या आतून हळूहळू सोडायचं. अर्धं पोटात, अर्धं माझ्या बाहीवर असं होऊ नये म्हणून एकाने हात धरायचे. हात धरायला नवरा. तो एवढ्या प्रेमाने धरायचा, की ठमी सहज सोडवून घ्यायची. सासूबाई दारात उभ्या राहून तिचे पाय चाचपायच्या. “गार पडलेत. माझेही पडतात. हे औषधच असं.” पाय गार पडतात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, मोजे घाला म्हटलं होतं. मी मोजे घालायचे. सासूबाई मोजे काढून पुन्हा चाचपायच्या.

पहिला पंधरवडा झाला. मी फोनवर फोटो काढायला गेले तर सासरे जिना चढून वर आले. “फोटोग्राफरच्या घरातलं पोर, आणि फोटो फोनवर? डॉक्टर काय म्हणतील मला?” त्यांनी ठमीला खाली नेलं, छत्रीचा दिवा लावला, पांढऱ्या पडद्यापुढे सासूबाईंच्या मांडीवर बसवलं, टाळ्या वाजवल्या, तोंडाने नाना आवाज काढले. नवऱ्याने संध्याकाळी स्टुडिओच्या कॉम्प्युटरवरून फोटो पाठवून दिला. मी तो पाहिला नाही. कशाला पाहू? खरी मुलगी दिवसभर माझ्या मांडीवर होती.

डॉक्टरांचा निरोप आला: छान सुधारणा. डोस तोच ठेवा.

घरात आनंदीआनंद. सासूबाई ठमीला कडेवर घेऊन आख्ख्या इमारतीत सांगून आल्या. जिन्यातले काका मला म्हणाले, “बघा, म्हटलं नव्हतं आपोआप जातं?” औषध चाललंय की हो काका, दिवसातून दोनदा, बाहीवर सांडत! पण कोणाला सांगणार.

कारण मला काही सुधारणा दिसत नव्हती. गाठ तशीच लालभडक, तशीच टणक. उलट पापणी आणखी उतरल्यासारखी वाटत होती. ठमी काही बघायचं झालं की हनुवटी वर करायची, पडद्याखालून डोकावतात तशी, पापणीच्या खालच्या फटीतून. मी नवऱ्याला दाखवलं.

“डॉक्टर म्हणाल्या ना सुधारतंय?” तो म्हणाला.

“अरे, पण तू बघ ना.”

“मी बघून काय कळणार? त्यांनी बघितलंय.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. आमच्या घरात कांकण बाजूला आणि सगळे आरशातच बघत बसलेले.

दुसरा फोटो गेला. दुसरा निरोप आला: उत्तम. डोस तोच.

मी वजन कळवलं होतं. ठमी चांगली भरली होती. म्हणजे औषध तेवढंच आणि पोर मोठी. मला हिशोब येत नाही असं नाही, पण डॉक्टरांपुढे मी कोण? आणि घरात मी तोंड उघडलं की सासूबाई म्हणायच्या, “तुला सगळ्यातच वाईट दिसतं.” दोनदा मलाही वाटलं, खरंच माझ्या डोळ्यांतच दोष असावा. बाळंतपणानंतर झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही, असेलही. मी ठमीला खिडकीपाशी न्यायचे, पापणी बघायचे, पुन्हा आत आणायचे. पुन्हा न्यायचे.

मग एक दिवस ठमीने हनुवटी वर करणं सोडून दिलं.

सासूबाईंना वाटलं, बरी झाली. “बघ, आता मान सरळ धरते.” माझ्या डोक्यात मात्र डॉक्टरांचं वाक्य घण घातल्यासारखं वाजत होतं: तो त्या डोळ्याचा नाद सोडतो. तिने फटीतून बघणं सोडलं होतं, कारण तिला त्या डोळ्याची गरजच वाटेनाशी झाली होती. मी सासऱ्यांना म्हटलं, “बाबा, या वेळी फोटो अगदी जवळून काढा. डोळा नीट दिसायला हवा.” ते म्हणाले, “काढतो.” माझ्याकडे न बघता म्हणाले. तेव्हा मला ते खटकलं नाही, कारण आमच्याकडे सगळे सगळं दुसरीकडे बघूनच बोलतात.

तिसऱ्या फोटोनंतर निरोप नाही, हॉस्पिटलातून फोनच आला. डॉक्टरांची सहायक होती. आनंदाने म्हणाली, “मॅडमनी फोटो पाहिला. पापणी पूर्ण उघडतेय, खूप खूश आहेत. तुमची पुढची भेट महिनाभर पुढे ढकलूया का? तुम्हालाही हेलपाटा नको.”

“पापणी काय करतेय?” मी विचारलं.

“पूर्ण उघडतेय. फोटोत दिसतंय ना.”

ठमी माझ्या मांडीवर होती. उजवी पापणी बुबुळावर मस्तपैकी झोपली होती. मी म्हटलं, “ढकलू नका. मी पुन्हा फोन करते,” आणि पोरीला कडेवर घेऊन जिना उतरले.

स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. सासरे मागे पडदा झटकत होते. मी कॉम्प्युटरवर पाठवलेला फोटो उघडला.

माझी मुलगी त्यात फार सुंदर दिसत होती. दोन्ही डोळे टपोरे, उघडे. पापणीवर फिकट गुलाबी छटा, लाली लावल्यासारखी. क्षणभर मलाच वाटलं, अशी आहे की काय ही? मग फोटो मोठा केला. डाव्या डोळ्यात टिंब नाकाच्या बाजूला. उजव्या डोळ्यातही टिंब नाकाच्याच बाजूला. आमच्या स्टुडिओत दिवा एकच आहे.

“बाबा!” मी इतक्या जोरात ओरडले, की ठमी दचकून रडायला लागली. “हा डोळा कुणाचा आहे?”

ते आले. पडदा हातातच. स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांची नजर नेमकी तिथेच गेली. पहिलं वाक्य काय बोलावं माणसाने?

“टिंब फिरवायचं राहिलं,” ते म्हणाले.

मला माझ्या संतापाची भीती वाटली. पोर कडेवर नसती तर मी काहीतरी फेकलं असतं. “टिंब?” मी म्हटलं. “तुम्हाला टिंब दिसतंय? बाबा, पोरीचा डोळा जातोय! ती बाई तिकडे या फोटोवरून औषध ठरवतेय!”

त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते स्टुलावर बसले, ग्राहक बसतात त्याच.

“फोटोवरून?” ते म्हणाले. “मला वाटलं, फाइलला लावतात. ओळख म्हणून.”

“डॉक्टर बोलल्या होत्या ना? आईंसमोर बोलल्या होत्या.”

“तुझ्या सासूने घरी येऊन फक्त तिची गोळी सांगितली.”

एवढ्या मोठ्या हॉस्पिटलातून एवढा निरोप निघाला आणि घरी पोहोचली ती गोळी.

“पहिल्या वेळी नुसती लाली कमी केली गं,” ते म्हणाले. “सगळ्याच बाळांची करतो. हात आपोआप चालतो, कळतसुद्धा नाही. मग निरोप आला, छान सुधारणा. घरात सगळे हसले. किती दिवसांनी हसले. मी एकटाच जाणून होतो की सुधारलं ते मी. पुढचा खरा फोटो पाठवला असता तर एकदम बिघडल्यासारखं दिसलं असतं. म्हणून पुन्हा थोडं केलं. मग या वेळी तू म्हणालीस, डोळा नीट दिसायला हवा. डोळा तर मिटलेलाच होता. मग…” त्यांनी हाताने हवेत उलटवल्यासारखं केलं.

“आणि टिंब?” मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

“माझ्या डोळ्यांत पाणी होतं,” ते म्हणाले. “दिसलंच नाही.”

मला त्यांची दया यायला हवी होती. खरं सांगते, अजिबात आली नाही. राग आला, आणि अजूनही कधीकधी भांडी घासताना येतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मुठीत पोरीचा डोळा होता. नवऱ्याला फोन लावला. त्याने फाइल उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. नाव वाचलं आणि पाठवली. त्याच्यावर ओरडायचं शिल्लक ठेवलं आणि सांगितलं, “गाडी घेऊन ये. आत्ता.”

सासूबाईंना सगळं कळलं तेव्हा त्या आधी रडल्या, मग नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या, जे बोलल्या ते मी कौतुकाने ऐकलं. आणि मग कपाटातून आपल्या गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या. “औषध कमी पडलंय ना? जाईपर्यंत यातली अर्धी चुरून देऊ का?”

या तर औषधाच्या नावाने नाक मुरडणाऱ्या बाई! “आई,” मी म्हटलं, “ती पट्टी आधी होती तिथे ठेवा, आणि माझ्या पुढे आणू नका. तान्ह्या पोराला तुमची गोळी म्हणजे जीवाशी खेळ आहे.” त्या गोळ्या मी नंतर मुद्दाम वरच्या फळीवर ठेवल्या. त्यांना काढता येतील पण विचार करायला वेळ मिळेल, इतक्या वर.

हॉस्पिटलात सासरे स्वतः आले. मी ‘या’ म्हटलं नव्हतं, ‘नका’ही म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी ठमीला पाहिलं, मग फोटो पाहिला, मग पुन्हा ठमीला. सासरे उभे राहिले आणि म्हणाले, “मी केलं. रीटचिंग. माझा धंदा आहे.”

डॉक्टरांनी फोटो मोठा करून पुन्हा निरखला. “काम चोख आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण मी औषध तुमच्या नातीला देत होते, आजोबा. ते लागू पडलं फोटोला.” मग माझ्याकडे वळल्या. “चूक माझीही आहे. एवढ्या लहान बाळाला नुसत्या फोटोवर ठेवायला नको होतं. बसा.”

त्यांनी एका खुळखुळ्याला दिवा लावलेला होता, तो ठमीपुढे धरला. ठमी हसली. त्यांनी तळहाताने तिचा उजवा डोळा, गाठीचा, झाकला. ठमीला काही फरक पडला नाही. ती खुळखुळ्याकडे बघत राहिली. मग त्यांनी डावा झाकला, चांगला. ठमी किंचाळली. मान हलवली, दोन्ही हातांनी डॉक्टरांचा हात ढकलला, लालबुंद होऊन रडली. हात काढला. गप्प. पुन्हा झाकला. पुन्हा किंचाळी.

कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. चांगला डोळा झाकला की तिचं जगच बंद होत होतं.

“गेला का?” सासऱ्यांनी विचारलं. त्यांचा आवाज ओळखू आला नाही मला.

“गेला नाही. जायला निघालाय,” डॉक्टर म्हणाल्या. “वय लहान आहे, अजून परत बोलावता येईल. येईलच असं मी लिहून देत नाही.”

त्यांनी ठमीला ठेवून घेतलं, टप्प्याटप्प्याने डोस वाढवला, दर वेळी नाडी आणि साखर बघत. या वेळी साखर शहाण्यासारखी वागली. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत गाठीचा रंग बदलला. लालभडक होती ती जांभळट झाली, मग मधोमध राखाडी. बोटाला मऊ लागायला लागली. आणि एका सकाळी दूध पिताना तिची उजवी पापणी वर गेली, अर्धीच, आणि खालून बुबुळाने माझ्याकडे पाहिलं. मी एवढी रडले की दूध पिणं सोडून तीच माझ्याकडे बघत बसली.

पण पापणी उघडली म्हणजे डोळा बघायला लागला असं नाही. डॉक्टरांनी दुसरं काम दिलं होतं: रोज थोडा वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे नाइलाजाने उजव्याला काम करावं लागेल. हे काम कुणी करायचं? मी पट्टी लावायचे, ठमी ओढून काढायची. नवरा लावायचा, ती त्याच्या नाकाला चिकटवायची. सासूबाईंनी तर रडणं ऐकलं की स्वतःच काढून टाकायला सुरुवात केली. “जाऊ दे गं, आज राहू दे.” माझ्या नाकी नऊ आले.

एके दिवशी मी काउंटरवर होते. एक बाई पासपोर्टचे फोटो परत घेऊन आली. “अहो, यात माझं डोकं एका बाजूला का गेलंय?” खरंच गेलं होतं. त्याआधीच्या माणसाचा तर एक कान पडद्याबाहेर होता. मी मागे गेले. सासरे छत्रीखाली बसलेले, ठमी त्यांच्या पुढ्यात, तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी. आणि सासऱ्यांच्याही डोळ्यावर पट्टी. ठमीच्याच पाकिटातली, चिमुकली, जेमतेम भुवईपर्यंत पुरणारी.

“ही लावून घेत नाही,” ते म्हणाले. “मी लावली की लावून घेते.”

“अहो, पण फोटो काढताना तरी काढायची!”

“काढली की तीही काढते.”

“मग निदान दुसऱ्या डोळ्याला लावा. तुम्ही कॅमेऱ्यात याच डोळ्याने बघता ना?” आयुष्यभर त्यांनी त्याच डोळ्याने पाहिलं होतं, दुसरा मिटायची इतकी सवय की हसतानासुद्धा मिटायचा.

“तिचाही चांगलाच झाकलाय,” ते म्हणाले आणि ठमीपुढे खुळखुळा हलवायला लागले.

मी बाईंचे फोटो स्वतः पुन्हा काढून दिले. त्यानंतर काही महिने आमच्या स्टुडिओतून तिरकी माणसं बाहेर पडली. जिन्यातले काका म्हणाले, “तुमच्या सासऱ्यांचं वय झालं.” मी म्हटलं, “हो, आपोआप जाईल.”

ठमी रांगायला लागल्यावर डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. गाठीच्या जागी आता सुरकुतलेली, फिकट लाल कातडी उरली होती. ती जायला वर्षं लागतील, थोडी कायमची राहीलही. आम्ही घरातून निघता निघता सासूबाई म्हणाल्या, “फोटो काढून ठेवा ना एक, छानसा. तेवढं लाल जरा…” सासरे त्यांच्यावर असे खेकसले, की नवऱ्याने गाडीचा दरवाजा लावून घेतला. गाडीत ठमी पट्टी काढू बघत होती, म्हणून सासऱ्यांनीही स्वतःची लावली, आणि हॉस्पिटलच्या जिन्यावर दोन पायऱ्या चुकले. मी बोलून बोलून थकले होते.

डॉक्टरांनी ठमीची पट्टी काढली, तिला टेबलावर बसवलं. सासरे तिच्यासमोर थोडे लांब, भिंतीला टेकून उभे. मी नवऱ्याचा हात एवढा घट्ट धरला, की औषध देताना त्याने ठमीचा असा धरला असता तर माझ्या चार बाह्या वाचल्या असत्या. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला. ठमीने त्यांचा हात ढकलला. मग त्यांनी डावा झाकला, चांगला.

ठमी थांबली. मान जराशी वाकडी केली. उजव्या डोळ्याने खोलीभर पाहिलं, सावकाश, सामान मोजायला आल्यासारखं. दिवा, पडदा, मी. मग भिंतीपाशी नजर थांबली आणि ती एकदम पुढे झेपावली. डॉक्टरांनी तिला एका हाताने सावरलं, दुसऱ्याने डोळा झाकूनच ठेवला. सासरे घाबरून जवळ आले. तिने हात लांब केला, त्यांच्या डोळ्यावरच्या त्या चिमुकल्या पट्टीचा कोपरा नेमका चिमटीत पकडला आणि भुवईच्या केसांसकट खेचून काढली.

या वेळी किंचाळले ते सासरे.